सेकंड हँड क्रिस्टा की एक्सयूव्ही ५००? पहिल्यांदाच मोठी फॅमिली गाडी घेणाऱ्यांसाठी

सेकंड हँड सात सीटर बघायला लागलं की आपल्याकडं फिरून फिरून दोनच नावांवर येतं, टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा आणि महिंद्राची एक्सयूव्ही ५००. अर्टिगा, हेक्सा, मराझो यांची पण चर्चा होते, पण "मोठी पाहिजे, डिझेल पाहिजे आणि घाटात दमली नाही पाहिजे" अशी अट घातली की घरातला एक जण क्रिस्टा म्हणतो, दुसरा एक्सयूव्ही म्हणतो आणि रविवारचं अख्खं जेवण त्यातच जातं. ज्यांनी आजवर हॅचबॅक नाहीतर छोटी सेडान चालवलीय आणि आता पहिल्यांदाच पावणेदोन टनांच्या वरची जुनी गाडी घ्यायला निघालेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, ज्यांच्या दारात आधीच फॉर्च्युनर उभी आहे त्यांनी वेळ घालवू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेवटच्या रांगेत मोठी माणसं नेहमी बसणार असतील तर क्रिस्टा, दोन-तीन वर्षं जास्त जुनी घ्यावी लागली तरी क्रिस्टाच. घरात चार-पाच माणसं आहेत आणि सात सीटा "कधीतरी लागतील" म्हणून पाहिजेत तर एक्सयूव्ही ५००, आणि वाचलेले पैसे तिच्याच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. आता हे असं का, आणि गाडी बघायची कशी, ते एकेक करून.

स्टेप १: आधी माणसं मोजा, गाड्या नंतर

एक कागद घ्या आणि मागच्या वर्षी कुठं कुठं गेलात ते लिहा. गणपतीला कोकणात, दिवाळीत सासरी, एखादं शिर्डी नाहीतर अक्कलकोट, दोन-चार लग्नं. प्रत्येकासमोर किती माणसं होती आणि त्यातली किती मोठी होती ते लिहा, बॅगा किती होत्या ते पण लिहा. हे फालतू वाटेल पण अर्धा निर्णय इथंच होतो, कारण या दोन गाड्यांमधला खरा फरक इंजिनात नाही, तिसऱ्या रांगेत आहे.

क्रिस्टाची लांबी ४७३५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २७५० मिमी. एक्सयूव्ही ५०० ची लांबी ४५८५, व्हीलबेस २७००. कागदावर फरक वीतभराचा, पण तो सगळा मागं जातो. क्रिस्टाच्या शेवटच्या रांगेत पावणेसहा फुटी माणूस पुण्याहून रत्नागिरीपर्यंत बसून जाऊ शकतो, कुरकुर करेल पण जाईल. एक्सयूव्हीच्या शेवटच्या रांगेत त्याच माणसाचे गुडघे छातीशी येतात, ती जागा मुलांची आहे, दहा-बारा वर्षांपर्यंतच्या, आणि घाट असेल तर त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशव्या द्या.

डिकीचं तर विचारूच नका. सगळ्या सीटा उघड्या ठेवल्या तर क्रिस्टात साधारण ३०० लिटर जागा उरते, म्हणजे दोन-तीन मध्यम बॅगा आणि वर एखादी पिशवी. एक्सयूव्हीत शंभर लिटर पण नाही, दोन लॅपटॉपच्या बॅगा आणि चपला ठेवा आणि डिकी लावा. म्हणजे सात माणसं आणि सात माणसांचं सामान असं एक्सयूव्हीत एकाच वेळी होत नाही, कॅरिअर लावावा लागतो. पण उलट बाजू बघा, एक्सयूव्हीची तिसरी रांग खाली पडून सपाट होते आणि मग पाच माणसांना मागं भली मोठी डिकी मिळते, आंब्याच्या पेट्या असो नाहीतर मुलीचं हॉस्टेलचं सामान. क्रिस्टाची तिसरी रांग दोन भागांत बाजूला उचलून खिडकीला टांगावी लागते, जागा होते पण कडेला त्या सीटा लोंबकळत राहतात आणि उचलायला पण जड आहेत.

क्रिस्टा ७ सीटर आणि ८ सीटर अशा दोन्ही येतात. सातवाल्यात मधे दोन कॅप्टन सीट, आठवाल्यात सलग बाक. आजीआजोबांसाठी कॅप्टन सीट, यात दुसरा विचार नको. पण जर तीन लहान मुलं मधे एकत्र बसवायची असतील किंवा लग्नसराईत माणसं कोंबायची सवय असेल तर बाकवाली बरी.

जाता जाता पार्किंग मोजून घ्या. एक्सयूव्हीची रुंदी १८९० मिमी, क्रिस्टाची १८३०. जुन्या सोसायटीत दोन खांबांमधे गाडी बसते पण दार उघडत नाही असं होतं, आणि मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. गाडी घरी आणल्यावर वाचून उपयोग नाही.

स्टेप २: कुठल्या सालची, कुठलं इंजिन

क्रिस्टा भारतात मे २०१६ मध्ये आली. तेव्हा दोन डिझेल होती, २.४ लिटरचं (२३९३ सीसी, १५० पीएस, ३४३ एनएम) ५ गिअरच्या मॅन्युअलला आणि २.८ लिटरचं (२७५५ सीसी, १७४ पीएस, ३६० एनएम) ६ गिअरच्या ऑटोमॅटिकला. ऑगस्ट २०१६ ला २.७ पेट्रोल पण आलं कारण दिल्लीत त्या वेळी सुप्रीम कोर्टानं २००० सीसीच्या वरच्या डिझेलवर बंदी घातली होती. पेट्रोलवाली आज स्वस्तात मिळते आणि चालवायला एकदम शांत, पण शहरात ॲव्हरेज दहाच्या खाली जातं, महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटरच फिरणार असाल तरच बघा. २०२० च्या बीएस६ ला (सरकारचा धुराचा नवीन कडक नियम, त्याआधी बीएस४) २.८ बंद झालं आणि २.४ लाच ऑटोमॅटिक मिळालं, २०२० च्या शेवटी तोंड बदललं, मधे डिझेल थांबलं आणि २०२३ ला फक्त मॅन्युअलमधे परत आलं. हायक्रॉस ही वेगळी गाडी आहे, पुढची चाकं फिरणारी पेट्रोल, जाहिरातीत "इनोव्हा" एवढंच लिहिलं असेल तर विचारून घ्या.

एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११ ची, चाकणला बनलेली, म्हणजे आपल्या पुण्याच्या पोरांच्या हातची. २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, २१७९ सीसी, सुरुवातीला १४० पीएस आणि ३३० एनएम. मे २०१५ ला पहिला मोठा बदल, त्याच वर्षाच्या शेवटी ६ गिअरचं ऑटोमॅटिक, आणि एप्रिल २०१८ ला दुसरा बदल ज्यात इंजिन १५५ पीएस आणि ३६० एनएम झालं. २०२१ ला एक्सयूव्ही ७०० आल्यावर ही बंद.

माझा साधा नियम असा, एक्सयूव्ही घ्यायची तर २०१८ च्या एप्रिलनंतरचीच, २०१५ च्या आधीची तर कितीही चकचकीत असली तरी नवख्या माणसानं हात लावू नये. क्रिस्टाला तेवढं साल बघायची गरज नाही, तिथं साल नाही तर आधीचा मालक बघायचा, ते पुढं येतंच.

बीएस६ डिझेल (दोन्हीपैकी कुठलीही) घेणार असाल तर एक समजून घ्या, तिच्यात सायलेन्सरच्या लाईनमधे डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवावी लागते. रोज घर ते शाळा ते भाजी मंडई एवढंच वापरणार असाल तर तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग गॅरेजच्या फेऱ्या. अशा वापराला जुनी बीएस४ किंवा सरळ पेट्रोल बरं.

स्टेप ३: परफॉर्मन्स म्हणजे नक्की काय बघायचं

लोक पीएस (इंजिनाची ताकद) विचारतात, मोठ्या गाडीला खरं विचारायचं ते एनएम (टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर), आणि ते किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतात ते. क्रिस्टा २.४ चे ३४३ एनएम १४०० आरपीएमपासून मिळतात, २.८ चे ३६० तर १२०० पासूनच. २०१८ नंतरच्या एक्सयूव्हीचे ३६० हे १७५० च्या पुढं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर हा फरक तुम्हाला कळणार पण नाही. पण कुंभार्ली घाटात सात माणसं आणि टपावर सामान घेऊन नागमोडी वळणावर समोरून ट्रक आला, गाडी जवळपास थांबली आणि दुसऱ्या गिअरमधे परत उचलायची वेळ आली की तिथं कळतं. क्रिस्टा कुरकुर न करता उचलते, एक्सयूव्ही क्षणभर मेल्यासारखी होते आणि मग टर्बो जागा झाला की एकदम पळते. सवय झाली की माणूस आधीच पहिला टाकतो, पण नवीन चालवणाऱ्याला पहिले पंधरा दिवस हे भीतीदायक वाटतं हे मात्र खरं.

दुसरं, चाकं कुठली फिरतात. क्रिस्टा चेसीवर बसवलेली, मागची चाकं फिरणारी गाडी आहे, माणसं मागं बसली की वजन नेमकं त्याच चाकांवर पडतं आणि ओल्या चढावर ती घट्ट धरते. एक्सयूव्ही मोनोकॉक (वेगळी चेसी नाही, बॉडी आणि सांगाडा एकच), बहुतेक सगळ्या पुढची चाकं फिरणाऱ्या (फोर व्हीलवाल्या पण होत्या, बाजारात कमी दिसतात). मागं लोड झाला की पुढचं तोंड हलकं होतं, म्हणून गावाकडच्या सुट्या खडीच्या चढावर पुढचं चाक जागेवर फिरतं. रोज असा चढ नसेल तर याचा बाऊ करायची गरज नाही.

पण सपाटीला, एकटं किंवा चौघं असताना, चालवायला मजा एक्सयूव्हीलाच येते, यात क्रिस्टावाल्यांनी वाद घालू नये. ६ गिअर आहेत, शंभरला इंजिन आरामात फिरतं, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत (क्रिस्टाला मागं ड्रम), आणि गाडी कारसारखी वळते. क्रिस्टा रिकामी असली की मागून टणटण उडते, लोड झाल्यावरच शांत होते. शिवाय क्रिस्टाचं स्टेअरिंग पार्किंगच्या स्पीडला जड, मॅन्युअलचा क्लच पण जड. घरात बायको किंवा आई पण चालवणार असेल तर त्यांना टेस्ट ड्राईव्हला न्याच, आणि हायवेला नको, पार्किंगमधे तीन वेळा रिव्हर्स घ्यायला लावा. कितीतरी क्रिस्टा घरात फक्त एकच माणूस चालवतो म्हणून सोसायटीत उभ्या असतात.

ॲव्हरेजचं भांडण नको. कंपनीचे आकडे दोन्हीकडं पंधराच्या आसपास आहेत, प्रत्यक्षात डिझेल मॅन्युअल शहरात दहा-अकरा आणि हायवेला तेरा-चौदा धरून चाला, ऑटोमॅटिकला त्यातून एक वजा. समृद्धीवर १२० नं सलग दामटलीत तर त्याहून खाली.

एअरबॅग व्हेरिअंटप्रमाणं बदलतात हे मात्र नीट बघा. क्रिस्टाच्या झेडएक्सला (सगळ्यात वरच्या व्हेरिअंटला) ७, खालच्यांना ३. एक्सयूव्हीच्या वरच्या व्हेरिअंटला ६, खालच्यांना २. जाहिरातीत "टॉप मॉडेल" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, बाहेरचं स्टिकर बदलायला शंभर रुपये पण लागत नाहीत, सीटच्या कडेला आणि खांबांवर एअरबॅग लिहिलंय का ते बघा.

स्टेप ४: घरबसल्या चौकशी, गाडी बघायच्या आधी

नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. कितवा मालक, पासिंगची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का हे सगळं तिथं दिसतं. महाट्रॅफिकॲपवर ई-चलन बघा, मोठ्या गाड्यांवर दहा-पंधरा हजारांची चलनं साठलेली असणं काही नवीन नाही आणि ती आधीच्या मालकानंच भरायची, "ॲडजस्ट करू" वर जाऊ नका.

आता क्रिस्टाचा सगळ्यात मोठा धोका. ही गाडी टूरवाल्यांची लाडकी, त्यामुळं पिवळ्या पाटीवर तीन-चार लाख किलोमीटर धावून मग पांढऱ्या पाटीवर आलेल्या, मीटर मागं फिरवलेल्या गाड्या बाजारात भरपूर. इंजिन एवढं टिकतं की चार लाखाची गाडी दीड लाखाची म्हणून सहज खपते, म्हणजे टिकाऊपणाच घेणाऱ्याच्या मुळावर येतो. ओळखायची कशी? आरटीओकडं आधी टुरिस्ट परमिट होतं का ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मागा, किंवा मालकाला तारीखवार बिलं दाखवायला सांगा, बिलांवर प्रत्येक वेळी किलोमीटर छापलेले असतात. आणि गाडीत बसल्यावर ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगचं लेदर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. साठ हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. रबर एकदम कोरं करकरीत असेल तर तेही संशयाचंच.

इन्शुरन्सच्या कागदावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट) किती टक्के आहे ते बघा. ५० टक्के असेल तर सलग काही वर्षं क्लेम झालेला नाही, शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झालाय का हे सरळ विचारा, आणि कशाचा ते पण.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इथं स्वस्तात येतात. एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५ च्या आदेशापासून तिकडं १० वर्षांवरच्या डिझेलवर टांगती तलवार आहे, म्हणून लोक आधीच काढून टाकतात. गाडी वाईटच असेल असं नाही, पण तिकडची एनओसी, इथं पुन्हा पासिंग आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळं धरून मग किंमत बघा, बऱ्याच वेळा स्वस्ताई तिथंच संपते. आणि एक्सयूव्ही असेल तर आरसीवर सीसी बघा, त्या बंदीच्या काळात, २०१६ मध्ये, दिल्लीसाठी १.९९ लिटरचं इंजिन काढलं होतं, ते २१७९ वालं नाही.

स्टेप ५: प्रत्यक्ष गाडी बघताना

सकाळी जा, उजेडात जा, आणि येतोय म्हणून सांगताना "गाडी चालू करून ठेवू नका" हे आवर्जून सांगा. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विचारा, "दादा, आत्ताच फिरवून आणली का?" गार इंजिनाचं स्टार्टिंग, पहिला धूर आणि पहिला आवाज हेच खरं बोलतात. स्टार्ट झाल्यावर दोन मिनिटांनी ऑईलचं झाकण सैल करा, खालून धूर भकाभक येत असेल किंवा झाकण उडत असेल तर नमस्कार करून निघा.

गाडी कुठल्या भागातली आहे त्यावर काय शोधायचं ते ठरतं. एमएच ०७, ०८, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरी पासिंग असेल तर खाली वाकून गंज बघा, खारं वारं चेसी आणि सायलेन्सर खातं, खालून नवीन काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघा. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला पूर आला होता, त्या भागातल्या त्या आधीच्या गाड्या बघताना प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, कोणी किती पण धुतलं तरी तिथं हात पोचत नाही. सीटच्या रुळांवर गंज, हेडलाईटच्या आत वाफ, कार्पेट उचलल्यावर कुबट वास. पाणी गेलेली एक्सयूव्ही तर फुकट दिली तरी नको, तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे, एक सेन्सर बदलला की दुसरा रुसतो.

एक्सयूव्हीत आणखी हे: टचस्क्रीन, सगळ्या काचा, आरसे, रिव्हर्स कॅमेरा, सगळी बटणं एकेक करून दाबा, लाज वाटून घेऊ नका. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे चावी फिरवल्यावर लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात, हे बघाच, एखादा दिवा लागतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, कट-कट-कट आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट गेलेत. खराब रस्त्यावर हळू चालवा आणि पुढून खडखड येते का ऐका, बुश आणि लिंक रॉड हा या गाडीचा नेहमीचा खर्च आहे, भाव पाडायला कामाला येतो.

क्रिस्टात मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ऐका, साठ-सत्तरला मागून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येत असेल तर तिथं काम आहे. मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमधे चाळीसला असताना एकदम पाय दाबा, इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी वाढत नाहीये असं झालं तर क्लच प्लेट संपलीय.

टायर दोन्हीकडं महाग. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर घेऊन समृद्धीवर जायचं नाही. पाचही टायर जुने असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आणि टेस्ट ड्राईव्हला फक्त पुढं बसू नका. अर्धा वेळ तुम्ही चालवा, अर्धा वेळ शेवटच्या रांगेत जाऊन बसा, एसी मागं पोचतोय का बघा, गुडघे बघा, चढ-उतार करून बघा. आईवडील बरोबर असतील तर उत्तमच, क्रिस्टात चढताना त्यांना हँडल आणि पायरीची उंची जमते का ते तिथंच कळेल. एक्सयूव्ही पण उंच आहे, साडीतल्या आजीला दोन्ही गाड्या जरा जडच जातात, साइड स्टेप लावून घ्यावी लागते.

शेवटी ओळखीचा मेकॅनिक न्या. पाचशे-हजार रुपये द्या, जेवू घाला, पण डीलरनं सुचवलेला मेकॅनिक नको.

स्टेप ६: भाव आणि पुढचा खर्च

एकाच सालची, सारख्याच चाललेली घेतली तर क्रिस्टा लाखोंनी महाग असते, आणि हा फरक बघून नवीन माणूस चक्रावतो. त्याचं कारण साधं आहे, तिला विकताना पण तसाच भाव येतो. पाच वर्षं वापरून विकली तरी क्रिस्टाचं नुकसान कमी होतं. एक्सयूव्हीचं मॉडेल बंद झालंय, त्यामुळं भाव आणखी खालीच जाणार, पण जो आता घेतोय त्याच्या आधीच्यानंच बरंचसं नुकसान सोसलेलं असतं, हा तिचा फायदा. तुम्ही आठ-दहा वर्षं ठेवून भंगारापर्यंत चालवणारे असाल तर एक्सयूव्ही, तीन-चार वर्षांनी बदलणारे असाल तर क्रिस्टा, एवढा साधा हिशोब आहे.

एमहॉक इंजिन स्कॉर्पिओतही होतं, त्यामुळं इंजिनाचं काम करणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी पण सापडतो. बंपर, हेडलाईट, स्क्रीन असल्या बॉडी आणि इलेक्ट्रॉनिकच्या पार्टला मात्र थांबावं लागू शकतं, घेण्याआधी जवळच्या पार्टवाल्याला फोन करून दोन-तीन वस्तू आहेत का विचारून घ्या. क्रिस्टाचे पार्ट महाग वाटतात पण वारंवार लागत नाहीत.

एक्सयूव्हीचा भाव ठरवताना लाख-दीड लाख वेगळे काढूनच बजेट धरा, क्लच, सस्पेन्शन, टायर, बॅटरी. नाही लागले तर गोव्याला जाऊन या.

स्टेप ७: कागद, इथं घाई नको

टोकन दहा-वीस हजारांच्या वर देऊ नका आणि ते पण ऑनलाईन, पावतीसकट. सगळे पैसे कागद हातात आल्यावर. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे) मालकाची सही, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा), दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "एजंट बघून घेईल" असं सांगणारे भेटतील, फॉर्म भरलेले बघा आणि चेसी नंबर स्वतः गाडीवरच्या नंबरशी ताडून घ्या. आरसीवर कंपनीचं नाव असेल तर सही कोणाची चालते हे आरटीओत विचारून मगच पुढं.

विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. डिलिव्हरी घेताना एका कागदावर तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा, त्याच्या आधीची चलनं त्याची, नंतरची तुमची. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलीय का बघा, नसेल तर मालकालाच लावून द्यायला सांगा.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या मालकाचा, त्यामुळं प्रीमियमचा फरक भरावा लागतो. उलट तुमची जुनी हॅचबॅक विकताय तर तिचा बोनस तुम्ही या मोठ्या गाडीला लावू शकता, विकताना इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, एजंट स्वतःहून सांगत नाही.

फास्टॅग आधीच्या मालकाचा असतो, तो त्याला बंद करायला सांगा आणि नवीन घ्या, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून कटत राहतो आणि रोज रात्री त्याचा फोन येतो. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑईल आणि कूलंट एकदा नवीन टाकून घ्या, आधीच्यानं "कालच केलंय" म्हटलं असलं तरी, आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललं होतं ते बिलात सापडतंय का बघा, नाही सापडलं तर ते पण.